योशिवाऱ्याच्या गणिका आणि चार ऋतू : जपानी छापचित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी लाकडी ठशांच्या चित्रांबद्दल, त्यातही गणिका आणि ऋतूंची दृश्यं असलेल्या चित्रांबद्दल, वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. उकियो-ए म्हणजे काय? ही चित्रं कोणत्या काळातली?

एदो म्हणजे आजचं तोक्यो. १६०३ ते १८६८ या काळात तोकुगावा घराण्याचे शोगुन तिथून राज्य करत होते. अठराव्या शतकात शहराची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती आणि त्यात पुरुषांची संख्या फार मोठी होती. हाती पैसा खुळखुळणारा पण राज्यकारभारात स्थान नसलेला व्यापारी-कारागीर वर्ग तिथे तयार झाला. नाटकं, कुस्त्या, चहाघरं, गणिकांची वस्ती ही त्याची करमणूक, आणि त्या दुनियेची चित्रं म्हणजे उकियो-ए. त्यातल्या सुंदर स्त्रियांच्या चित्रांना बिजिन-गा म्हणतात. हिशिकावा मोरोनोबूच्या काळात (मृत्यू १६९४) ही चित्रं नुसत्या काळ्या शाईत छापली जात. पुढे त्यांवर हाताने रंग भरू लागले आणि १७४०च्या दशकात गुलाबी-हिरव्या ठशांची भर पडली. पूर्ण रंगीत छपाई १७६५ साली आली. त्यामागचं कारण मजेदार आहे, ते प्रश्न ८ मध्ये वाचा.

२. लाकडावर कोरून इतके नाजूक रंग कसे छापत?

चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करायचा. तो कागद रानचेरीच्या फळीवर उलटा चिकटवत आणि रेषा सोडून बाकीचं लाकूड कोरून काढत. म्हणजे मूळ रेखाटन कोरण्यातच नष्ट व्हायचं. या रेषांच्या फळीवरून काही प्रती काढून चित्रकार त्यांवर कुठे कोणता रंग हे सांगायचा, आणि मग दर रंगासाठी वेगळा ठसा कोरला जायचा. दहा-बारा वेळा छापूनही रंग रेषेबाहेर जात नाही, कारण प्रत्येक ठशावर कोपऱ्यात आणि कडेला एकेक खूण कोरलेली असते. तिला केन्तो म्हणतात. कागद दर वेळी त्याच खुणांना टेकवायचा.

छापखान्याचं यंत्र यात कुठेच नाही. तुतीच्या जातीच्या झाडापासून केलेला होशो कागद किंचित ओलसर करून ठशावर ठेवायचा आणि पाठीमागून बारेन नावाच्या गोल चकतीने घासायचा. आकाशात वरून खाली विरत जाणारा निळा रंग (बोकाशी) ठशावरच ओल्या फडक्याने किंवा ब्रशने साधायचा. शाईशिवाय नुसता दाब देऊन कागदावर उठाव आणण्याचंही एक तंत्र आहे, त्याला काराझुरी म्हणतात. बर्फाचे ढिगारे, पांढऱ्या किमोनोवरची नक्षी त्यातून येते. हा उठाव मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. चित्र हातात धरून तिरक्या उजेडात बघावं लागतं.

३. मग उतामारोचं चित्र उतामारोने स्वतः कोरलेलं नसतं?

नसतं. चित्रकार (इथे उतामारो), कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक असे चौघे मिळून चित्र बनतं. चित्रावर नाव चित्रकाराचं आणि खूण प्रकाशकाची. कपाळावरच्या केसांचा एकेक धागा कोरणाऱ्या माणसाचं नाव सहसा कुठेच नसतं, आणि मला हे आजही खटकतं. चौघांत वजनदार प्रकाशक. विषय तो ठरवायचा, पैसे तो घालायचा, बुडाले तर त्याचेच बुडायचे.

४. आपल्याकडच्या राजा रविवर्म्याच्या छापील तसबिरींसारखंच का हे?

स्वस्तात घरोघरी पोचलेली चित्रं म्हणून साम्य आहे. तंत्र मात्र पार वेगळं. पुण्याची चित्रशाळा (१८७८) आणि १८९४ साली मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेला रविवर्म्याचा छापखाना ही शिळाछापाची कामं होती : सपाट दगड, तेलकट शाई आणि यंत्र. जपानी चित्रात लाकूड, पाण्यातले रंग आणि हाताचा दाब. रविवर्म्याच्या छपाईत छायाप्रकाशाने शरीराला गोलाई येते. उकियो-एमध्ये सावली जवळजवळ नसतेच, सगळा भार रेषेवर आणि सपाट रंगावर. आणि आपल्याकडे तसबीर चौकटीत बसवून भिंतीवर लावली, प्रसंगी देव्हाऱ्यातही ठेवली. एदोत छापचित्र एक-दोन वाटी सोबा-शेवयांच्या किमतीत मिळायचं, हातात घेऊन बघायचं, फाटलं की टाकायचं.

५. योशिवारा हे ठिकाण नेमकं काय होतं?

एदोतली, सरकारी परवान्याने चालणारी वेश्यावस्ती. १६१७ साली तिला परवानगी मिळाली तेव्हा ती निहोन्बाशीजवळ होती. १६५७च्या मेइरेकीच्या आगीत एदोचा मोठा भाग जळाला आणि त्यानंतर ती शहराबाहेर, आसाकुसाच्या उत्तरेला भातखाचरांमध्ये हलवली. भोवती खंदक, आत-बाहेर करायला एकच मोठा दरवाजा, आणि दरवाज्यापासून सरळ जाणारा नाकानोचो नावाचा मुख्य रस्ता. अठराव्या शतकात इथे दोन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. गिऱ्हाईक दरवाज्यातून हवं तेव्हा यायचं-जायचं, स्त्रियांना ते स्वातंत्र्य नव्हतं. बाहेरून आलेल्या बाईलासुद्धा परत जाताना परवानाचिठ्ठी दाखवावी लागे, नाहीतर आतलीच कुणी पळून चालली असा संशय.

बहुतेक मुली गरीब घरांतून आगाऊ रकमेच्या बदल्यात, वर्षांच्या कराराने आणलेल्या असत. कपडे, अंथरूण, नोकर यांचा खर्च त्यांच्याच नावावर चढे, त्यामुळे करार संपला तरी कर्ज संपेलच असं नाही. ही चित्रं बघताना निदान एवढं तरी माहीत असावं. जपानमध्ये वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५६ साली झाला.

६. ओइरान आणि गेइशा एकच ना?

नाही. गेइशा म्हणजे गाणं, वाजवणं, नाचणं यांवर पोट भरणारी कलावंत. ओइरान म्हणजे योशिवाऱ्यातली वरच्या दर्जाची गणिका. त्याआधी ताय्यू हा सर्वांत वरचा दर्जा होता, तो योशिवाऱ्यात १७६०च्या सुमारास संपला (क्योतोच्या शिमाबारात टिकला).

चित्रात ओळखायच्या खुणा : ओइरानच्या किमोनोचा पट्टा, म्हणजे ओबी, पुढे बांधलेला असतो. केसांत भरपूर आकडे आणि काटे. पाय थंडीतही अनवाणी. मिरवणुकीत उंच काळ्या खडावा. बरोबर सहसा दोन लहान मुली असतात, त्यांना कामुरो म्हणत. त्यांच्या मागे शिंझो म्हणजे उमेदवारी करणाऱ्या तरुणी. गेइशाचा ओबी मागे, दागिने थोडे, बहुतेकदा हातात किंवा शेजारी शामिसेन हे तंतुवाद्य.

एक अपवाद लक्षात ठेवा. जुन्या चित्रांत पुढे गाठ दिसली म्हणून लगेच गणिका समजू नका, कारण त्या काळी विवाहित घरंदाज बायकाही पुढे गाठ मारत. एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

७. चित्रातला ऋतू कसा ओळखायचा?

फूल-पक्षी सर्वांत सोपे. प्लमचा बहर आणि उगुइसु पक्षी असला तर वसंताची सुरुवात, चेरी असली तर वसंत ऐन भरात. आयरिस, काजवे, मच्छरदाणी, नदीवरच्या होड्या आणि आतषबाजी म्हणजे उन्हाळा. सुमिदा नदीवरच्या र्‍योगोकु पुलापाशी उन्हाळी जलसे पाचव्या महिन्याच्या २८ तारखेला सुरू होत, आणि तोरिई कियोनागाने १७८०च्या दशकात नदीकाठच्या उंच, सडपातळ स्त्रिया दोन-दोन, तीन-तीन कागद जोडून रंगवल्या. चंद्र, लव्हाळ्यासारखं सुसुकी गवत, शेवंती, लाल मेपल म्हणजे शरद. बर्फ म्हणजे हिवाळा हे सांगायला नको.

कपड्यांतूनही ऋतू कळतो. चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी कापूस भरलेले किमोनो जाऊन अस्तराचे यायचे, पाचव्याच्या पाच तारखेपासून बिनअस्तराचे, आणि नवव्याच्या नऊ तारखेला पुन्हा कापसाचे. म्हणून झिरझिरीत कापडातून दंड दिसत असेल तर पार्श्वभूमीला एकही फूल नसलं तरी तो उन्हाळा. उतामारोला असं पारदर्शक कापड छापून घेण्याची फार हौस होती.

आणि हो, किमोनोवरच्या नक्षीवर आंधळा विश्वास नको. नक्षीत मेपल आणि अंगणात चेरी असेल, तर अंगणाचं खरं माना.

८. नववर्षाच्या चित्रांत वसंत कसा? जपानमध्ये जानेवारीत बर्फ असतो ना?

कारण हा जानेवारी नव्हेच. १८७३ साली जपानने पाश्चात्त्य कालगणना घेतली, तोवर तिथे चांद्र-सौर पंचांग चालायचं आणि नवं वर्ष जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी सुरू व्हायचं. पहिले तीन महिने वसंत, पुढचे तीन उन्हाळा, असं सरळ गणित. मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. त्यांच्याकडेही अधिक महिना होता, आणि आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्रीचं चंद्रदर्शन आपल्या भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या आसपास येतं. म्हणून चित्राच्या माहितीत 'आठवा महिना' दिसला तर ऑगस्ट समजू नका.

याच पंचांगातून रंगीत छपाई जन्मली. कोणता महिना ३० दिवसांचा आणि कोणता २९ दिवसांचा हे दर वर्षी बदलायचं. १७६५ साली एदोतल्या हौशी, सुखवस्तू मंडळींनी त्या वर्षाच्या मोठ्या-लहान महिन्यांचे आकडे चित्रात लपवून एकमेकांना भेट द्यायची टूम काढली. कुठे ओबीच्या नक्षीत, कुठे वाळत घातलेल्या कपड्याच्या घडीत आकडे दडवलेले. चढाओढीत खर्चाला कुणी मागे-पुढे पाहिलं नाही आणि सुझुकी हारुनोबूच्या हाती बहुरंगी छपाई आली. प्रकाशकांनी मग तेच ठसे आकडे काढून टाकून बाजारात विकले. या रंगीत चित्रांना निशिकी-ए म्हणतात.

९. नाकानोचोमधल्या चेरीच्या रांगा खरंच होत्या की चित्रकाराची कल्पना?

होत्या, पण वर्षातून फार थोडे दिवस. अठराव्या शतकाच्या मध्यापासून दर वसंतात फुलायला आलेली झाडं बाहेरून आणून नाकानोचोच्या मधोमध लावत, भोवती बांबूचं कुंपण, दिवे. फुलं गळाली की झाडं उपटून परत. म्हणजे चित्रातला तो अप्रतिम वसंत मंडप घातल्यासारखा उभा केलेला असायचा.

वर्षभर हेच चाले. सातव्या महिन्यात चहाघरांसमोर कंदील, ते तामागिकु नावाच्या १७२६ साली वारलेल्या गणिकेच्या आठवणीत. आठव्याच्या पहिल्या दिवशी सगळ्या गणिका पांढऱ्याशुभ्र किमोनोत. त्याच महिन्यात निवाका नावाची सोंगांची आणि नाचांची मिरवणूक, मग चंद्रदर्शन.

आता हे सगळं कशासाठी, हा खरा प्रश्न. सणाच्या या दिवसांना मोन्बी म्हणत. त्या दिवशी गिऱ्हाइकाकडून दुप्पट पैसे घेतले जात आणि प्रत्येक गणिकेला त्या दिवसासाठी गिऱ्हाईक मिळवावंच लागे. नाही मिळालं तर तो दिवस तिने स्वतःच्या खर्चाने भरायचा, म्हणजे कर्जात आणखी भर. योशिवाऱ्याच्या चित्रांत ऋतू दिसला की मी आधी हे पंचांग आठवतो. चंद्र बघत बसलेली बाई चंद्रच बघत असेल असं नाही. ती कुणाची तरी वाटही बघत असेल, आणि तो आला नाही तर होणारा हिशोब तिला तोंडपाठ असेल. दरवाज्याबाहेर जाता येत नसलेल्या स्त्रियांकडे ऋतू असा आणून पोचवला जायचा, आणि त्याचं बिल त्यांच्याच नावावर फाडलं जायचं.

१०. म्हणजे या चित्रांना जाहिराती म्हणायचं का?

पुष्कळशा होत्याच. त्सुताया जुझाबुरो (१७५०–१७९७) हा त्या काळचा सर्वांत चलाख प्रकाशक. जन्म योशिवाऱ्यातला, पहिलं दुकान मोठ्या दरवाज्यापाशी, आणि धंदा कुठल्या घरात कोण गणिका आहे याची यादी छापून विकण्याचा. १७७६ साली त्याने किताओ शिगेमासा आणि कात्सुकावा शुन्शो यांच्याकडून योशिवाऱ्यातल्या गणिकांचं एक देखणं चित्रपुस्तक काढून घेतलं, तेही चार ऋतूंप्रमाणे लावलेलं. त्याच सुमारास इसोदा कोर्यूसाईची एक लांबलचक मालिका सुरू झाली. तीत शंभराहून अधिक चित्रं, प्रत्येकात नाव-घरासकट एक गणिका, आपल्या कामुरोंसह, नववर्षाच्या नव्या किमोनोत. एका चित्रात गणिकेची जाहिरात, वेश्यागृहाची जाहिरात आणि वर कापडाच्या नव्या नमुन्यांची झलक.

म्हणून कलेची किंमत कमी होते का? माझ्या मते नाही. कोर्यूसाईच्या रेषेला कुणी पैसे दिले हे कळल्याने रेषा बिघडत नाही. फक्त चित्रातली स्त्री आणि चित्राचं गिऱ्हाईक यांचं नातं कळतं.

११. सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. कोण कुठली ते कसं कळायचं?

चेहऱ्यावरून कळत नाही, कारण चेहरा चित्रकाराचा असतो. हारुनोबूच्या साऱ्या स्त्रिया नाजूक बाहुल्या, कियोनागाच्या सगळ्या उंच, एइसेनच्या किंचित पुढे झुकलेल्या. ओळख पटते ती लिहिलेल्या नावावरून आणि बाहीवरच्या किंवा कंदिलावरच्या चिन्हावरून. १७९०च्या दशकात उतामारोने नुसता चेहरा आणि छाती एवढंच मोठं करून, मागे अभ्रकाची चमक देऊन चित्रं काढली, तेव्हा नाक, डोळा, हनुवटीत बारीक फरक दिसू लागले.

इथे दोन फसगती आहेत. गणिकांची गाजलेली नावं वारसाने चालत. ओगिया घराची हानाओगी हे नाव एकीनंतर दुसरीला मिळे, त्यामुळे वीस वर्षांच्या अंतरावरच्या दोन चित्रांतली हानाओगी एकच बाई नसते. दुसरं म्हणजे प्रत्येक सुंदर स्त्री गणिका नव्हे. उतामारोच्या १७९३च्या सुमाराच्या प्रसिद्ध त्रयीत एक गेइशा आणि दोन चहाघरातल्या मुली आहेत : तोयोहिना, ओकिता आणि ओहिसा. इंटरनेटवर त्यांना सर्रास 'वेश्या' म्हटलेलं दिसतं, ते चूक आहे.

१२. बाई घरात बसलेली आहे आणि शीर्षक 'संध्याकाळचा हिमपात'. हे काय गौडबंगाल?

तो विनोद आहे, पण जाणकारांसाठीचा. चीनमधल्या शियाओ-शियांग प्रदेशाच्या आठ निसर्गदृश्यांची जुनी परंपरा होती : संध्याकाळचा हिमपात, शरदाचा चंद्र, उतरणारी रानहंसांची माळ, परतणारी शिडं वगैरे. हारुनोबूने १७६६च्या सुमारास ती आठही घरात आणली. भांड्यावर पसरलेला पांढरा कापूस म्हणजे हिमपात. गोल आरसा म्हणजे चंद्र. कोतो वाद्यावरच्या तिरप्या घोड्या म्हणजे हंसांची माळ. टॉवेल वाळत घातलेली घडवंची म्हणजे शिडं. अशा उपहासाला किंवा रूपांतराला मिताते म्हणतात.

गणिकांच्या चित्रांत मिताते फार. जुना कवी, बौद्ध संत, दरबारी कथेतली राजकन्या, कुणाच्याही जागी चित्रकार ओइरान बसवतो. मूळ संदर्भ माहीत नसला तर चित्र नुसतं सुंदर दिसतं, माहीत असला तर हसू येतं.

१३. हिरोशिगेच्या खिडकीतल्या मांजराच्या चित्राचा गणिकांशी काय संबंध?

संबंध पूर्ण आहे, बाई तेवढी चित्रात नाही. एदोच्या शंभर दृश्यांच्या मालिकेतलं (१८५६–५८) हे चित्र. जाळीच्या खिडकीत पांढरं मांजर बसलंय. बाहेर आसाकुसाची भातखाचरं, लांब फुजी, सांजेचं आकाश आणि शेतातून चाललेली तोरीच्या जत्रेची बारीक मुंगीसारखी रांग. ती जत्रा अकराव्या महिन्यात कोंबड्याच्या दिवशी भरते. लोक तिथून नशीब ओढून आणणारी बांबूची दाताळी विकत आणतात.

आता खोलीत बघा. जमिनीवर कागदाच्या गुंडाळीतून डोकावणाऱ्या केसांच्या काट्यांना त्याच दाताळ्यांचा आकार आहे. म्हणजे जत्रेतून येणाऱ्या गिऱ्हाइकाने आणलेली भेट. खिडकीच्या कट्ट्यावर वाटी आणि टॉवेल. ही योशिवाऱ्यातल्या वरच्या मजल्याची खोली आहे, बाई आणि गिऱ्हाईक चौकटीबाहेर आहेत. तोरीचा दिवस योशिवाऱ्यात कमाईचा, त्या दिवशी एरवी बंद असणारे बाजूचे दरवाजेही उघडत. एकही माणूस न दाखवता ऋतू, जागा, धंदा आणि कंटाळा एवढं सगळं सांगणारं दुसरं चित्र मला या मालिकेत दिसत नाही.

याच मालिकेत योशिवारा आणखी दोनदा येतो : पहाटे चेरीखालून निघून जाणारी मंडळी, आणि चांदण्यात बांधावरून तिकडे निघालेले लोक.

१४. ही अश्लील चित्रं आहेत का? मुलांना दाखवावीत का?

उघड कामचित्रांचा वेगळा प्रकार आहे, शुन्गा. उतामारोपासून होकुसाईपर्यंत जवळजवळ सगळ्यांनी ती काढली. १७२२च्या बंदीनंतर ती लपूनछपून विकली जात आणि म्हणून त्यांवर सहसा सही नसते. बिजिन-गामधल्या स्त्रिया पूर्ण कपड्यांत असतात, किंबहुना कपडे हाच अर्धा विषय. ती मुलांना खुशाल दाखवा. वस्ती काय होती हे किती सांगायचं ते मुलाच्या वयावर.

१५. सरकारने बंदी घातली नाही?

अनेकदा, आणि गणिकांपेक्षा इतर गोष्टींची सरकारला जास्त धास्ती. १७९० पासून प्रत्येक चित्रावर तपासणीचा शिक्का सक्तीचा झाला. १७९३ साली गणिका सोडून इतर स्त्रियांची नावं छापायला मनाई आली. उतामारोने मग नावाऐवजी कोपऱ्यात चित्रकोडं काढायला सुरुवात केली, तर १७९६ साली कोड्यांवरही बंदी. १८०० साली मोठ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर गदा आली. १८०४ साली उतामारोला शिक्षा झाली, हाताला ५० दिवस बेड्या. पण ती गणिकांमुळे नव्हे, हिदेयोशी या ऐतिहासिक सरदाराला त्याच्या बायकांसह दाखवल्यामुळे. दोनच वर्षांत तो वारला. १८४२ साली मात्र गणिका, गेइशा आणि नट, तिघांचीही चित्रं बंद झाली. त्यानंतर काही वर्षं 'सद्गुणी स्त्रिया' असल्या शीर्षकांखाली तसल्याच देखण्या बायका छापल्या जात होत्या.

१६. या चित्रांत दुःख, आजार, थकवा कधीच का दिसत नाही?

प्रश्न ९ आणि १० वाचले असतील तर उत्तर तुमच्याकडे आहे : विकणाऱ्याला ते नको होतं. गुप्तरोग, मारहाण, पळून जाण्याचे प्रयत्न यांतलं काही बाजारी चित्रांत येत नाही. निराधार मेलेल्या गणिकांना मिनोवातल्या जोकान्जी देवळात आणून टाकत. तिथल्या स्मारकाशी सुमारे २५,००० जणींची संख्या जोडली जाते.

तरी एक फट आहे. १७९४च्या सुमारास उतामारोने योशिवाऱ्यातल्या दिवस-रात्रीच्या बारा प्रहरांची मालिका केली. त्यात बैलाच्या प्रहरी, म्हणजे रात्री दोनच्या सुमारास, एक गणिका अर्धवट झोपेत उठून पायाने चप्पल चाचपतेय, एका हातात पेटता कागदी काकडा, दुसऱ्यात कागद. थाट नाही, मिरवणूक नाही. मालिका विकण्यासाठीच काढलेली, पण हा थकवा खरा वाटतो.

१७. व्हान गॉगच्या चित्रातली ओइरान मूळ चित्राच्या उलट्या दिशेला का बघते?

कारण त्याच्यासमोर मूळ चित्र नव्हतं. केइसाई एइसेनची ती ओइरान 'पॅरिस इल्युस्त्रे' या नियतकालिकाच्या मे १८८६च्या जपान विशेषांकाच्या मुखपृष्ठावर उलटी छापली गेली आणि व्हान गॉगने १८८७ साली ते मुखपृष्ठ गिरवून मोठं केलं. भोवती त्याने बगळ्यासारखे क्रौंच आणि बेडूक घातले. फ्रेंच बोलीत हे दोन्ही शब्द वेश्येसाठी वापरले जात, तेव्हा ती बाई कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१८. जुन्या चित्रांत आकाश आणि पाणी पिवळट का दिसतं?

ते बहुधा निळं होतं. अठराव्या शतकात त्सुयुकुसा या फुलाचा निळा वापरत, आणि तो उजेडाने व ओलाव्याने उडून पिवळसर होतो. करडईच्या फुलांचा गुलाबीही असाच विरतो, आणि या दोहोंच्या मिश्रणाचा जांभळा तपकिरी होतो. १८३०च्या सुमारास युरोपातून येणारा प्रशियन निळा सर्रास झाला, तो टिकतो. म्हणून हिरोशिगेचं आकाश आजही निळं आणि हारुनोबूचं उदास. 'जपानी फिके रंग' म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यातलं बरंच दीडशे-दोनशे वर्षांच्या उजेडाचं काम आहे. मूळ रंग चांगले भडक होते.

१९. माझ्याकडे एक चित्र आहे. अस्सल आहे का हे कसं ओळखू?

भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ऑफसेट छपाई, प्रश्न मिटला. ठिपके नसतील तर उलटून पाठ बघा. हाताने छापलेल्या चित्रात रंग कागदात मुरून मागे दिसतो आणि बारेनचे गोलसर घासल्याचे माग असतात. पण एवढ्याने ते एदोकाळातलं ठरत नाही. विसाव्या शतकात उत्तम कारागिरांनी जुन्या चित्रांचे नवे ठसे कोरून प्रती काढल्या, त्याही हातानेच छापलेल्या, आणि सही-शिक्क्यांसकट. त्या खोट्या नव्हेत, जुन्या म्हणून विकल्या तर खोट्या. जुना होशो कागद मऊ असतो, समास बहुतेकदा कापलेले असतात, किड्यांची भोकं असतात. सगळं करकरीत आणि समास रुंद असतील तर संशय घ्या.

२०. शिक्क्यांवरून वर्ष काढता येतं का?

काही काळापुरतं, होय. 'किवामे' हा तपासणीचा (प्रश्न १५) एकच गोल शिक्का असला तर साधारण १७९० ते १८४२ एवढंच कळतं. १८५०च्या दशकापासून शिक्क्यात वर्षाचा प्राणी आणि महिन्याचा आकडा येतो. मांजराच्या चित्रावर 'साप, ११' आहे, म्हणजे सर्पवर्षाचा अकरावा महिना : जत्रेच्याच महिन्यात ते बाजारात आलं. मात्र प्राणी दर बारा वर्षांनी फिरून येतो. सर्पवर्ष १८५७ही आणि १८६९ही. हिरोशिगे १८५८ साली वारला, म्हणून पहिलं. आणि शिक्का ठशाची तारीख सांगतो, तुमच्या हातातल्या प्रतीची नाही (प्रश्न १९).

२१. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ही चित्रं कशी जपायची?

लॅमिनेशन कधीच नको. आम्लविरहित पुठ्ठ्याच्या घडीत, आडवं, कोरड्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेल, आणि कसर लागली नाही ना हे अधूनमधून बघा. बाहेरच्या भिंतीवर, जिथे ओल धरते तिथे, टांगू नका. चौकटीत लावायचंच असेल तर काच कागदाला टेकू देऊ नका आणि काही महिन्यांनी चित्र उतरवून अंधारात विश्रांती द्या. संग्रहालयांत उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवतात, आपल्या दिवाणखान्यातल्या खिडकीपाशी दुपारी तो त्याच्या कितीतरी पट असतो.

२२. प्रत्यक्ष बघायला कुठे मिळतील?

तोक्योत हाराजुकूचं ओता स्मृती संग्रहालय फक्त उकियो-एचं आहे आणि तिथली मांडणी सतत बदलते. होकुसाईची मुलगी कात्सुशिका ओइ हिने रंगवलेलं योशिवाऱ्याच्या रात्रीचं चित्र तिथेच आहे. ते छापचित्र नव्हे, हाताने रंगवलेलं आहे, पण कंदिलाच्या उजेडात जाळीआड बसलेल्या स्त्रिया आणि अंधारातले गिऱ्हाईक एका स्त्रीने कसे पाहिले हे बघायला तरी जा. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ साली दिलेली सुमारे ६,५०० चित्रं आहेत, ती कधीच प्रदर्शनात मांडायची नाहीत या अटीवर. त्यामुळेच त्यांचे रंग शाबूत राहिले, आणि त्यांच्या प्रतिमा संगणकावर बघता येतात. कुठल्याही संग्रहालयात जाण्यापूर्वी त्या महिन्यात काय मांडलंय ते विचारून घ्या, कारण कागदी चित्रं कायम भिंतीवर नसतात.

२३. विसाव्या शतकातल्या हासुई, शिन्सुई, गोयो यांची चित्रं उकियो-एच का?

तंत्र तेच, काळ वेगळा. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने चित्रकार-कोरणारा-छापणारा ही जुनी घडी पुन्हा बसवली आणि त्या चळवळीला शिन-हांगा म्हणतात. १९२३च्या भूकंपात त्याचे ठसे जळाले, तरी काम चालू राहिलं. हाशिगुची गोयो आणि इतो शिन्सुई यांच्या चित्रांत आरशासमोर केस विंचरणाऱ्या बायका आहेत, पण नावागावाच्या गणिकांची ती जाहिरात नव्हे. ऋतू मात्र कावासे हासुईकडे (१८८३–१९५७) पुरेपूर उतरला : बर्फातलं लाल देऊळ, पावसातला रस्ता, आणि माणूस असलाच तर छत्रीआड. परवडणारं अस्सल चित्र घ्यायचं असेल तर याच काळातलं, प्रकाशकाचा शिक्का तपासून घ्या. हासुईच्या मृत्यूनंतर छापलेल्या प्रतीही बाजारात आहेत आणि त्यांची किंमत बरीच कमी असते. विक्रेता ते आपणहून सांगेलच असं नाही.